आधी चेहरा, मग हात, मग शब्द : एका जुन्या पाठ्यपुस्तकाचे पुनर्मुद्रण

महिला महाविद्यालयात मराठी शिकवताना स्नेहसंमेलनातील नाट्यछटा, काव्यवाचन आणि वक्तृत्व स्पर्धांची तयारी करून घेण्याचे कामही अनेक वर्षे माझ्याकडे होते. त्या काळात मी सर्वाधिक झगडले ती मुलींच्या हातवाऱ्यांशी. ‘आकाश’ म्हटले की उजवा हात वर जाई, ‘हृदय’ म्हटले की छातीवर येई, आणि तोही शब्द उच्चारून झाल्यावर अर्ध्या क्षणाने, जणू शब्दाने हाताला निरोप पाठवला असावा. हे का होते आणि कसे घालवावे, हे मला कोणी शिकवले नव्हते. त्यामुळे चेहरा, हात आणि शरीर यांतून भाव व्यक्त करण्याची डेल्सार्ट पद्धत शिकवणाऱ्या, जेनेव्हिव्ह स्टेबिन्स यांच्या ‘डेल्सार्ट सिस्टिम ऑफ एक्स्प्रेशन’ या १८८५ च्या पुस्तकाचे मागणीनुसार छापून मिळणारे पुनर्मुद्रण दिसले तेव्हा मी ते उत्सुकतेने मागवले. पुस्तक आणि त्याची ही छापील प्रत यांविषयी माझी मते इतकी वेगळी आहेत की दोहोंबद्दल स्वतंत्रपणेच लिहावे लागेल.

ज्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते ते फ्रान्स्वा डेल्सार्ट (१८११–१८७१) हे फ्रेंच गायक आणि शिक्षक. पॅरिसच्या संगीतशाळेतील चुकीच्या तालमीमुळे त्यांचा आवाज गेला, आणि मग भावना शरीरातून नेमकी कशी प्रकट होते हे ते बागांमध्ये, रुग्णालयांमध्ये, अगदी शवागारातही जाऊन पाहत राहिले. स्वतःची पद्धत ग्रंथरूपाने मांडण्याचे मात्र त्यांच्या हातून राहून गेले. स्टील मॅकाय हा अमेरिकन नट १८६९–७० मध्ये त्यांच्याकडे शिकला आणि ती विद्या त्याने मायदेशी नेली. स्टेबिन्स या त्याच्या शिष्या आणि स्वतः अभिनेत्री. गुरूचे गुरू असे दोन पिढ्यांचे अंतर असूनही त्यांच्या लेखनाला वर्गातल्या बोलण्याचा सूर आहे. त्या वाचकाला समोर उभे करतात, खुर्ची बाजूला सरकवायला लावतात आणि मगच धड्याला हात घालतात.

पुस्तकाचा खरा जीव सुरुवातीच्या सैल करण्याच्या व्यायामांत आहे. आधी फक्त बोटे निर्जीव करायची, मग पंजा, मग कोपरापासून हात, मग सबंध हात. नंतर मान, धड, पाय, शेवटी पापण्या आणि खालचा जबडासुद्धा. ताण काढून घेतलेला अवयव झाडाच्या मोडलेल्या फांदीसारखा लोंबू लागला की मगच त्याच्याकडून एखादी भावना व्यक्त करवून घ्यायची, हा क्रम आहे. आपल्याकडे याच्या नेमके उलट होते. आपण मुलीला आधी भाव ‘दाखव’ म्हणतो, आणि ती बिचारी खांदे कानापर्यंत चढवून करुण रस दाखवते. खांदा हा भावनेच्या तीव्रतेचा तापमापक आहे, असे या पद्धतीत म्हटले आहे. त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा की भीतीने आधीच चढलेल्या खांद्यावर दुसरी कोणतीही भावना चढत नाही. घरी आलेल्या दोन माजी विद्यार्थिनींकडून मी हे व्यायाम करवून घेतले. जबडा सैल सोडण्याच्या व्यायामाला दोघींना आधी हसू आवरेना, पण नंतर वाचलेल्या कवितेत त्यांचे ‘आ’कार स्पष्टपणे मोकळे झालेले ऐकू आले.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे क्रमाचा नियम: भाव आधी चेहऱ्यावर उमटतो, मग शरीरात आणि हातात उतरतो, आणि शब्द सर्वांत शेवटी येतो. इतके साधे वाक्य, पण माझ्या इतक्या वर्षांच्या कोड्याचे उत्तर त्यात आहे. पाठांतर केलेल्या मुलीच्या मनात शब्द आधीच तयार असतो, म्हणून तो आधी बाहेर पडतो, आणि हात नंतर येऊन त्याचे चित्र काढतो. ज्याला खरोखर काही म्हणायचे आहे त्याचा हात शब्द सुचण्याआधीच उचललेला असतो. भाजीवालीशी भाव करणाऱ्या कोणत्याही बाईकडे पाहिले तरी हे पटेल. वेगाचा नियमही असाच उपयोगी आहे. लंबक जितका लांब तितका तो सावकाश झुलतो, म्हणून सबंध हाताची हालचाल बोटाच्या हालचालीपेक्षा संथ असायला हवी. आमच्या स्पर्धांमध्ये नेमके सबंध हातच बोटांच्या वेगाने फिरतात आणि परीक्षक त्याला ‘आवेश’ म्हणून गुण देतात.

हे पुस्तक ज्या जगासाठी लिहिले गेले ते डोळ्यांसमोर ठेवून वाचले तर त्याची गोडी वाढते. अमेरिकेत स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या संस्था उभ्या राहत होत्या: माउंट होल्योक १८३७ मध्ये, व्हॅसर १८६५ मध्ये, वेल्स्ली आणि स्मिथ १८७५ मध्ये सुरू झाल्या. पण शिकलेल्या स्त्रीने चारचौघांत बोलावे की नाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. मुलेमुली एकत्र शिकत त्या ओबर्लिन महाविद्यालयात १८४७ मध्ये ल्यूसी स्टोन पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांनी पदवीदानासाठी लिहायचा निबंध एक पुरुष वाचून दाखवील असे ठरले होते. त्यांनी तो निबंध लिहायलाच नकार दिला. पुढे महिला महाविद्यालयांत आणि सेमिनरींमध्ये, म्हणजे मुलींच्या उच्च शिक्षणाच्या शाळांमध्ये, वाणीचे शिक्षण स्थिरावले ते बहुधा वाचन, पठण आणि ‘एक्स्प्रेशन’ या नावांनी. ‘वक्तृत्व’ म्हटले की सभा, वादविवाद आणि राजकारण डोळ्यांसमोर येई. ‘अभिव्यक्ती’ म्हटले की संस्कार, डौल आणि आरोग्य. या सौम्य नावाच्या आडोशाने मुलींना कंबर आवळणारा कॉर्सेट सैल करून पोटापासून श्वास घ्यायला आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायला शिकवले गेले, असे मला हे पाठ वाचताना सारखे वाटत राहिले.

याच काळात, १८८६ ते १८८८ या वर्षांत, पंडिता रमाबाई अमेरिकेत गावोगावी व्याख्याने देत होत्या, आणि १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या नावाची असोसिएशन स्थापन झाली. बॉस्टन म्हणजे तेव्हाच्या वाक्‌शिक्षणाची राजधानीच. रमाबाईंना मात्र असल्या कोणत्याही शाळेची गरज पडली नव्हती. लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगून त्यांचा आवाज घडला होता. देवळाच्या ओवरीत घडलेला गळा आणि वर्गात आरशासमोर घडवलेला गळा यांची तुलना करणारे काही या पुस्तकात असण्याची शक्यताच नाही, पण मराठी वाचकाच्या मनात ती तुलना आपोआप येते.

पुस्तकाचे दोष लपवण्यासारखे नाहीत. डेल्सार्ट यांना प्रत्येक गोष्टीचे तीन भाग आणि त्या तिनांचे पुन्हा नऊ करण्याची विलक्षण हौस होती, आणि स्टेबिन्स ती निष्ठेने पुढे चालवतात. पाय उभे ठेवण्याच्या, डोळ्यांच्या, भुवयांच्या नऊ-नऊ स्थिती वाचताना भरताने मोजलेले दृष्टिभेद आठवतात. फरक एवढाच की नाट्यशास्त्राच्या मागे नाटकाची जिवंत परंपरा उभी आहे आणि येथे नुसताच तक्ता आहे. याच तक्त्यांनी पुढे या पद्धतीचे हसे केले. पांढऱ्या झग्यांतल्या मुली ग्रीक पुतळ्यांच्या पवित्र्यात उभ्या करून त्यालाच अभिव्यक्ती म्हणण्याची टूम निघाली. या यांत्रिकपणाला बॉस्टनच्या ‘स्कूल ऑफ एक्स्प्रेशन’चे सॅम्युअल सायलस करी यांनी दिलेले उत्तर मला अधिक पटते: विचार मनात खरोखर घडू द्या, आवाज आणि शरीर त्याच्या मागून येतील. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांवर करी यांनी १९०८ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि त्याच ब्राउनिंगपासून स्फूर्ती घेऊन १९११ पासून पुण्यात दिवाकर नाट्यछटा लिहू लागले. ज्यांना नाट्यछटा बसवायची आहे त्यांनी स्टेबिन्स यांच्याकडून शरीर सैल करून घ्यावे आणि पुढची तालीम करी यांच्या मार्गाने करावी, अशी माझी शिफारस आहे. आवाजावरचा भाग अगदीच तोकडा आहे. त्यासाठी हे पुस्तक घेऊ नये.

आता छापील प्रतीविषयी. तिच्यासाठी मी मोजलेले नऊशे रुपये वाया गेले नाहीत, एवढेच म्हणता येईल. जुन्या प्रतीची छायाचित्रे जशीच्या तशी छापली असल्यामुळे काही पाने तिरपी आहेत, कडेचे तक्ते कापले गेले आहेत, आणि हाताच्या स्थितींच्या एका तक्त्यातला शेवटचा रकाना तर नाहीसाच झाला आहे. ग्रीक पुतळ्यांची चित्रे शाईच्या डागांसारखी दिसतात. मुखपृष्ठावर विषयाशी काहीही संबंध नसलेले एका फुलदाणीचे चित्र आहे. कोणती आवृत्ती छापली आहे याचा कोठेही उल्लेख नाही, आणि १९०२ च्या सहाव्या आवृत्तीत स्टेबिन्स यांनी पुष्कळ भर घातलेली असल्यामुळे हा उल्लेख आवश्यक होता. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या आवृत्त्या विनामूल्य वाचता येतात. पडद्यावर वाचण्याची सवय असेल तर तोच मार्ग बरा. मला व्यायाम करताना पुस्तक जमिनीवर उघडे ठेवावे लागते, म्हणून कागद हवा होता. बांधणी दुसऱ्याच आठवड्यात सुटली, त्यामुळे सैल करण्याच्या व्यायामांची पाने आता वेगळी काढून फाइलमध्ये लावली आहेत, आणि या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीला महाविद्यालयातल्या तरुण सहकारी तीच फाइल घेऊन गेल्या आहेत.