ओपनसीपीएन: रात्रीचा नांगर कुठे टाकायचा हे ठरवायला कितपत कामाचं?

मार्ग आखायला ओपनसीपीएन हे सागरी नकाशांचं सॉफ्टवेअर चांगलं आहे, यावर फारसा वाद नाही. लॅपटॉपवर फुकट चालतं, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स काहीही चालतं. इथे पाहायचंय ते वेगळं: शिडाच्या होडीवर रात्रभर शांत झोप लागेल अशी जागा यावर शोधता येते का? वाईट जागा बाद करायला हे उत्तम आहे. चांगली जागा निवडताना मात्र उपग्रहचित्रांची जोड लागते. आणि नांगराच्या पहाऱ्याला हे दुय्यमच.

सुरुवात सर्वेक्षण किती भरवशाचं आहे ते बघण्यापासून करावी. व्हेक्टर नकाशावर राइट-क्लिक करून ‘ऑब्जेक्ट क्वेरी’ उघडली की त्या भागाची झॉक श्रेणी, म्हणजे सर्वेक्षणाच्या अचूकतेची प्रत, कळते. ‘ए१’ असेल तर जागेतली चूक ५ मीटर अधिक खोलीच्या ५ टक्के, एवढ्याच्या आत. ‘बी’ला ५० मीटर, आणि खोलीत १ मीटर अधिक खोलीच्या २ टक्के. ‘सी’ असेल तर नकाशावरचा खडक ५०० मीटर इकडेतिकडे असू शकतो. अशा खाडीत स्क्रीनवर दिसणाऱ्या अरुंद वाटेवर विसंबून अंधारात शिरणं म्हणजे आत्मघात. सॉफ्टवेअर इथे एक खोड काढतं: नकाशा कितीही मोठा करू देतं, आणि मोठा दिसला म्हणजे अचूक असं वाटायला लागतं. ‘ओव्हरझूम’ अशी सूचना येते खरी, पण ती सहज नजरेआड होते.

जागेचा हिशोब करायला मात्र याच्यासारखं साधन नाही. समजा नकाशावर खोली ५ मीटर आहे, रात्रीची भरती ३ मीटर आणि नाळेवरचा (होडीच्या पुढच्या टोकाचा) साखळीचा रोलर पाण्यापासून १ मीटर वर. एकूण ९ मीटर, पाचपट धरली तर साखळी ४५ मीटर. होडी १२ मीटरची असेल तर पिछाडी नांगरापासून साधारण ५६ मीटरवर फिरणार. वेपॉइंटच्या (नकाशावर ठेवलेल्या खुणेच्या) प्रॉपर्टीजमध्ये रेंज रिंग, म्हणजे तिच्याभोवती वर्तुळ, लावायची सोय आहे. एकक सागरी मैल असेल तर ०.०३ टाका, म्हणजे ५६ मीटर झालं. आता त्या वर्तुळात काय काय येतं ते बघा: खडक, केबलची रेघ, किनाऱ्याचा उथळ पट्टा. भरतीचे आकडे सॉफ्टवेअरमध्येच मिळतात, पण मुक्काम उधाणाचा (मोठ्या भरतीचा) की भांगाचा (लहान भरतीचा) हे बघूनच घ्यावेत. साखळी रात्रीच्या सर्वांत मोठ्या भरतीवर मोजायची, तळाशी टेकायची भीती सर्वांत खालच्या ओहोटीवर. पाणी ओसरलेलं असताना आत येऊन साउंडरवर (खोली मोजणाऱ्या यंत्रावर) ६ मीटर बघितले आणि तेवढ्यावरच साखळी सोडली, तर भरती वाढल्यावर प्रमाण पाचावरून खाली घसरतं. नांगर ओढला जायचं हे एक नेहमीचं कारण.

तळ कसा आहे हेही नकाशा सांगतो: ‘एस’ वाळू, ‘एम’ चिखल, ‘आर’ खडक. पण एका अक्षरामागे अख्ख्या खाडीचा तळ असतो. सागरगवताचे ठिपके त्यात कुठे आहेत ते उपग्रहचित्रातच दिसतं. एमबीटाइल्स स्वरूपातली चित्रं ओपनसीपीएनमध्ये नकाशासारखीच उघडतात. झूम १७ पर्यंतची घेतली तर विषुववृत्तावर एका पिक्सेलला सुमारे १.२ मीटर पडतात, फिकट वाळू आणि गडद गवत वेगळं ओळखायला तेवढं पुरतं. गवतात नांगर मुळांच्या जाळीत अडकतो, बसल्यासारखा वाटतो आणि झोत आला की सुटतो.

या चित्रांचा खरा फायदा मात्र स्वेल, म्हणजे दुरून येणाऱ्या लांब लाटा, बघण्यात आहे. झोप मोडते ती बहुधा वाऱ्याने नव्हे, आडव्या डोलण्याने. खुल्या समुद्रात १२ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे २२५ मीटर असते, ६ सेकंदांच्या लाटेची ५६. लाट तिच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर तळाला जाणवू लागते, म्हणून लांब लाट खूप आधीच वळायला लागते आणि भूशिराला वळसा घालून आत शिरते. नकाशात तीन बाजूंनी बंद दिसणारी खाडी अशी डोलत असते. चित्रात भूशिरामागे वाकलेल्या लाटांच्या रेघा दिसल्या तर ती खाडी सोडा, किंवा ज्या कोपऱ्यात रेघा संपतात तिथे आत सरका. एकच चित्र बघून मात्र निकाल देऊ नका. ते बहुतेक वेळा निरभ्र, शांत दिवशी घेतलेलं असतं.

ग्रिब प्लगइन (हवामान अंदाजाच्या फाइली दाखवणारी जोडणी) दाखवतं तो वारा इथे सर्वांत कमी उपयोगी. जीएफएस या जागतिक हवामान-प्रारूपाच्या चौकटी पाव अंशाच्या, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरच्या. एका चौकटीत डोंगर, दरी, खाडी सगळं मावतं. त्यामुळे रात्री दरीतून उतरणारा मतलई वारा त्यात दिसत नाही, आणि होडीला स्वेलच्या आडवं धरणारा बहुतेक वेळा तोच असतो. लाटांची ‘सिग्निफिकंट’ उंची म्हणजे स्वेल आणि वाऱ्याच्या लाटा एकत्र, ०.८ मीटर वाचून निर्धास्त होऊ नका, कालावधी आणि दिशा आधी बघा. आत जाऊन डोलणं सुरू झालंच, तर पिछाडीचा नांगर टाकून नाळ स्वेलकडे धरावी. मात्र शेजारच्या होड्या फिरत असतील आणि जागा अपुरी असेल तर हे करू नये.

राहिला पहारा. मार्कवर राइट-क्लिक करून अँकर वॉच, म्हणजे होडी ठरलेल्या अंतराबाहेर गेली की वाजणारा गजर, लावता येतो. तो मार्क नांगर तळाला लागताच टाकायचा, होडी मागे सरकून स्थिर झाल्यावर नाही. जीपीएस पिछाडीला असेल तर नाळेपर्यंतचं अंतर गजराच्या त्रिज्येत मिळवा. वरच्या उदाहरणात ६५ ते ७० मीटर ठीक. त्याहून कमी ठेवलं तर वारा फिरला की दर वेळी खोटा गजर. लॅपटॉप झोपला की गजरही झोपतो, म्हणून स्लीप बंद करावा लागतो. ४० वॉटचा लॅपटॉप १० तास चालला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ३३ अँपिअर-तास जातात. फोनमधलं अँकर अलार्म ॲप हेच काम त्याच्या कितीतरी कमी विजेत करतं. तेव्हा जागा लॅपटॉपवर निवडा, पहाऱ्याला फोन ठेवा.