फराळाच्या ऑर्डरी: व्हॉट्सॲप ग्रुप की इन्स्टा?

घरगुती फराळ विकणाऱ्या ताईंनी आधी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुपच धरावा असं मला मनापासून वाटतं, कारण तिथं शेजारच्या काकू "चकली मस्त खुसखुशीत झालीये गं, अजून अर्धा किलो दे" असं सगळ्यांसमोर लिहितात आणि त्या एका मेसेजवर आणखी चार जणी विचारतात. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो ती यादी) २५६, पण ब्रॉडकास्ट ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणून डब्यावर नंबर छापाच. इन्स्टाचं वेगळं. सोऱ्यातून गोल गोल पडणाऱ्या चकलीचं रील कोथरूडहून पार नागपूरपर्यंत पोचतं, नवी माणसं जोडली जातात, पण लाइक करणारा विकत घेईलच असं नाही, आणि कुरिअरमध्ये चकलीचे तुकडे होतात ते वेगळंच. शंकरपाळे मात्र बिनधास्त पाठवा.