टपावर दुसरा एसी? आधी थर्मामीटर लावा

पुण्यातलं मोटरहोम, म्हणजे राहायची सोय केलेली गाडी, बरेचदा फोर्सच्या ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेलं असतं. टपावर १३,५०० बीटीयूचा एक रूफ एसी, आणि पहिल्याच एप्रिलमध्ये मालकाचा प्रश्न: दुसरा टाकू का? हे परीक्षण त्या दुसऱ्या एसीचं. पण पहिला नीट चालतोय की नाही ते कळल्याशिवाय दुसऱ्याला गुण देता येत नाहीत.

१३,५०० बीटीयू म्हणजे सुमारे ३.९ किलोवॉट थंडावा, एक टनाहून थोडा जास्त. चाचणीला साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. एसी २० मिनिटं फुल चालू ठेवा. मग एकदा आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या जाळीपाशी तापमान घ्या, एकदा थंड हवा बाहेर सोडणाऱ्या, जाळीला सर्वात जवळच्या झरोक्यात. फरक ८ ते ११ अंश आला तर एसी त्याचं काम करतोय. पाच-सहाच आला तर दुसऱ्या एसीचे पैसे खिशात ठेवा, दोष पहिल्यातच आहे. फिल्टर आणि कॉइल धुवा, मग आतलं प्लास्टिकचं कव्हर उतरवून थंड हवेचा कप्पा आणि परतीच्या हवेचा कप्पा यांच्यामधला पडदा बघा. तिथे फट असली की थंड हवा केबिनमध्ये न येता परस्पर परत ओढली जाते, थर्मोस्टॅट फसतो आणि कंप्रेसर वेळेआधीच बंद पडतो. ॲल्युमिनियम फॉइल टेपने ती फट बुजवायची. कापडी चिकटपट्टी उन्हाळाभरात सुटते. ‘एसी पुरत नाही’ या तक्रारीचं मूळ अनेकदा एवढंच असतं.

फरक बरोबर आणि तरीही गाडी तापलेली, तर उष्णता फार येतेय. चाचणीची वेळही महत्त्वाची. उन्हात बंद उभी असलेली गाडी दुपारी दोनला चालू केली तर गाद्या, प्लायवूड, पत्रा सगळंच तापलेलं असतं, ते निवायला दोन-तीन तास जातात. सकाळी दहालाच एसी लावा आणि तीन वाजता आतलं तापमान बघा. (एक ते चार पुण्यात विश्रांतीची वेळ, पण टपावरच्या यंत्राला ती सवलत नाही.)

उष्णतेचा सर्वात मोठा दरवाजा म्हणजे पुढची काच. दीड चौरस मीटर काचेवर थेट ऊन पडलं की किलोवॉटभर उष्णता आत येऊ शकते, म्हणजे एसीच्या ताकदीचा चौथा हिस्सा तिथेच गेला. पडदा काचेच्या बाहेरून लावा. आतून लावलेला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर ते काचेतून आत आलेलं असतं. टपाच्या पत्र्याखाली उष्णता अडवणारं २५ मिमी नायट्रिल रबर नसेल तर दुसरा एसी घेणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरत बसणं.

आता वीज. एक रूफ एसी २३० व्होल्टवर साडेसहा-सात अँपिअर घेतो, दोन मिळून १३-१४. फार्महाऊसचा १६ अँपिअरचा पॉइंट कागदावर पुरतो, पण इंडक्शन किंवा गिझर लावला की एमसीबी पडणार. ३० मीटरची १.५ चौ.मिमीची वायर वापरली तर ९-१० व्होल्ट वायरीतच जातात आणि सव्वाशे वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर इन्सुलेशन वितळतं. ४ चौ.मिमी घ्या आणि पूर्ण उलगडून टाका. कंप्रेसर सुरू होताना चालू करंटच्या कित्येक पट करंट ओढतो, म्हणून दोन्हींना सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचा हा झटका कमी करणारं उपकरण, हवं. त्याच्याशिवाय छोटा जनरेटर दुसरा कंप्रेसर उचलतच नाही. उंचीवर जनरेटरची ताकद घटते, दर ३०० मीटरला साधारण तीन-साडेतीन टक्के. पुण्यात हे फारसं जाणवत नाही. महाबळेश्वरला जाणवेल, पण तिथे एसी लावणाऱ्याला काय म्हणावं!

बॅटरीवर दोन एसी चालवायचे तर १२ व्होल्टची सिस्टिम विसरा. दोन एसी मिळून खाणाऱ्या तीन किलोवॉट विजेला अडीचशे अँपिअर लागतात, ४८ व्होल्टवर साठ-पासष्टमध्ये भागतं. १२.८ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी एक एसी सतत चालला तर दीड-पावणेदोन तासांत आटोपते, दोन चालले तर तासभरही टिकत नाही.

ट्रॅव्हलरएवढ्या गाडीला आमचं उत्तर नाही असंच आहे. पुण्यात एप्रिलमध्येही रात्री हवा बऱ्यापैकी निवते, त्यामुळे दुसरा एसी दिवसाचे चार तास आणि वर्षाचे दोन-अडीच महिनेच कामाला येणार. कोकणात तर जास्त टनेज उलटतं: हवा झटकन थंड होते, कंप्रेसर थांबतो, दमटपणा तसाच राहतो आणि चादरी ओलसर लागतात. नऊ मीटरच्या पुढची बस, मागे दार लावलेली बेडरूम, किंवा मे महिन्यात विदर्भाची फेरी असेल तर मात्र घ्यावा. तेव्हाही एकच दांडगा घेण्यापेक्षा दोन मध्यम बरे. रात्री एक बंद ठेवता येतो आणि वाटेत एक बिघडला तरी झोप होते.

घरगुती एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट हा स्वस्त पर्याय. तो लोड कमी झाला की वीजही कमी घेतो आणि मेकॅनिक गल्लीत मिळतो. पण त्याचं बाहेरचं युनिट रस्त्याच्या हादऱ्यांसाठी बनवलेलं नसतं. रबर माउंटवर बसवा आणि तांब्याच्या नळीला एक वेटोळं ठेवा, नाहीतर नळी जोडणाऱ्या फ्लेअर नटापाशी गॅस गळतो. तो गॅस आर-३२ असेल तर थोडा ज्वलनशील असतो, हे गॅसची शेगडी असलेल्या केबिनमध्ये लक्षात ठेवायचं.

रूफ एसी घ्यायचाच ठरला तर ५० हर्ट्झचा, २३० व्होल्टचा आहे ना, ते पाटीवर वाचा. अमेरिकन युनिटला १४ बाय १४ इंचांचं भोक लागतं, युरोपियनला बहुधा ४० बाय ४० सेंटिमीटर. चाळीसेक किलोचं वजन नुसत्या पत्र्यावर टाकू नका, खाली आडव्या पट्ट्या हव्यात. सोलर पॅनेलवर सावली पडणार नाही अशी जागा निवडा. गाडीची उंचीही फूटभर वाढते, ती टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. बोल्ट आवळताना एसी आणि टप यांच्यामधलं, पाणी अडवणारं इंचभर जाडीचं गॅस्केट अर्ध्या इंचावर आलं की थांबा. फार आवळलं तर ते बाजूला सरकतं आणि जूनच्या पहिल्या सरीला पाणी थेट गादीवर.