मायक्रोटिक एचएपी एएक्स२ : घरचं वायफाय वेगळं पाडायला मस्त
ऑफिसचा लॅपटॉप आणि स्वस्तातले कॅमेरे-बल्ब एकाच वायफायवर, हे पटत नव्हतं म्हणून हा राऊटर घेतला. वायफाय ६, केबलसाठी गिगाबिटचे पाच पोर्ट, दिसायला अगदीच साधा डबा, पण आतलं राऊटरओएस (राऊटर चालवणारं सॉफ्टवेअर) म्हणजे भारी प्रकरण. व्हीलॅन (एकाच राऊटरवरचे आभासी वेगळे कप्पे) पाडून आमचं, पाहुण्यांचं आणि बल्ब-कॅमेऱ्यांचं अशी तीन नेटवर्क केली, नुसती वेगळी नावं देऊन भागत नाही हां, फायरवॉलमध्ये (कोणी कुठे जायचं ते ठरवणारे नियम) एकमेकांकडे जायची वाट बंद करावी लागते. आमच्याला डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा, बल्बांना २.४ गिगाहर्ट्झवर आधीची डब्ल्यूपीए२च, जुन्या वस्तूंना डब्ल्यूपीए३ झेपत नाही. वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचा व्हीपीएन) आतच आहे, पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येणारा पत्ता) असेल तर बाहेरून कॅमेरे बघायला त्यांचं पोर्ट इंटरनेटला उघडं टाकायची गरजच नाही. ॲपवर दोन बटणं दाबून मोकळं व्हायचं असेल तर मात्र याच्या नादी लागू नका.