टीसी बोल्ट: घ्यावेत, पण तुटलेली शेंडी पाहून बिल पास करू नये

भूकंप धरून डिझाइन केलेल्या स्टील फ्रेममध्ये बीम-कॉलम जॉइंटचे बोल्ट नुसते घट्ट असून भागत नाही, त्यांत ठरलेला ताण भरलेला लागतो. अमेरिकी नियमांनुसार एम20 (20 मिमी व्यासाच्या) बोल्टला 8.8 च्या तोडीच्या ग्रेडमध्ये (आकडा मोठा तसं स्टील जास्त ताकदीचं) किमान 142 किलोन्यूटन, 10.9 च्या तोडीच्या ग्रेडमध्ये 179. टेन्शन कंट्रोल, म्हणजे टीसी बोल्ट, हा ताण झटपट भरण्यासाठी विकले जातात. झटपट हा शब्द खरा आहे. बाकीचं साइटवर अवलंबून.

बोल्टचं डोकं गोल, दुसऱ्या टोकाला दातेरी शेंडी. शियर रेंच या विजेवरच्या खास पान्याचं बाहेरचं सॉकेट नट फिरवतं, आतलं शेंडी धरून ठेवतं, आणि ठरावीक टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, खाचेवर शेंडी तुटते. डोक्याच्या बाजूने पाना धरायला माणूस लागत नाही. उंचावरच्या कामात एवढ्यासाठीच जास्तीची किंमत वसूल होते.

पण शेंडी टॉर्क ओळखते, ताण नव्हे. टॉर्कमधून किती ताण निघेल ते कारखान्यात लावलेल्या वंगणावर ठरतं. उघडा ड्रम कोकणातल्या पावसाळी हवेत पडून राहिला, आट्यांवर गंज चढला, की टॉर्क घर्षणातच खर्ची पडतो आणि कमी ताणावर शेंडी तुटते. उलट कुणी शहाणपणा करून तेल लावलं तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. दिवसाला लागतील तेवढेच सेट बाहेर काढावेत, उरलेले संध्याकाळी झाकणबंद ड्रममध्ये परत ठेवावेत. प्रत्येक लॉटमधले किमान 3 सेट साइटवरच ताण मोजणाऱ्या हायड्रॉलिक कॅलिब्रेटरवर तोडून पाहावेत. किमान ताणापेक्षा 5 टक्के जास्त, म्हणजे 10.9 च्या एम20 ला सुमारे 188 किलोन्यूटन दिसायला हवेत. नुसतं कारखान्याचं सर्टिफिकेट फाइलला लावून ही चाचणी टाळणारे बरेच भेटतात.

खरी गोम एंड-प्लेटमध्ये, म्हणजे बीमच्या टोकाला वेल्ड करून कॉलमला बोल्टने जोडायच्या प्लेटमध्ये आहे. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात बीमच्या खालच्या फ्लँजपाशी (आडव्या पट्टीपाशी) साइटवरच्या वेल्डना तडे गेले, आणि त्यानंतर बोल्टेड एंड-प्लेटकडे लक्ष वाढलं. पण जाड प्लेट बीमला वेल्ड करताना वाकते आणि कॉलमच्या फ्लँजशी मिलिमीटर-दोन मिलिमीटर फट राहते. अशा जॉइंटवर थेट शियर रेंच लावला तर पहिल्या बोल्टची शेंडी तुटते, शेजारचा बोल्ट आवळताना प्लेटा आणखी जवळ येतात आणि पहिल्यातला ताण उतरतो. शेंडी तर गेलेली, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं. म्हणून आधी साध्या पान्याने सगळे बोल्ट स्नग करायचे, म्हणजे प्लेटा एकमेकींना टेकतील इतपत आवळायचे, प्लेटा टेकल्या का ते पाहायचं, गरज पडली तर दुसरी फेरी मारायची. मग नट, वॉशर, बोल्टचं टोक आणि प्लेट यांवरून मार्करची एक रेघ ओढून, जॉइंटच्या सर्वांत ताठ भागाकडून कडेकडे जात शेंड्या तोडायच्या. नंतर फक्त नटावरची रेघ सरकलेली हवी. वॉशर किंवा बोल्टही फिरला असेल तर तो सेट काढून नवा घालावा. स्नग करतानाच शेंडी तुटली तरी तेच.

लांबी मागवताना जपानी पद्धतीच्या बोल्टला ग्रिपमध्ये (जोडायच्या प्लेटांच्या एकूण जाडीत) एम20 साठी 30 मिमी, एम24 साठी 40 मिमी मिळवतात. रेंचचं तोंड मोठं असतं, तेव्हा वेब (बीमची उभी पट्टी) आणि स्टिफनर (आधाराची जादा प्लेट) यांजवळच्या बोल्टच्या ओळी ड्रॉइंगवरच तपासाव्यात. लांब एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडलं की रेंच अडखळतो.

जॉइंट घसरू नये अशी अपेक्षा असेल तर मधल्या पृष्ठभागावर रंग नको. आयएस 800 या भारतीय स्टील मानकात शॉट-ब्लास्ट (छर्रे मारून साफ केलेल्या) पृष्ठभागाचा घर्षणांक 0.5, रेड लेड रंगाचा 0.1. हा पाचपटीचा फरक कुठलाही बोल्ट भरून काढत नाही.

बीमच्या स्प्लाइसला (दोन तुकड्यांच्या सांध्याला), जिथे प्लेटा पातळ आणि सरळ असतात, टीसीला पाचपैकी चार गुण. जाड एंड-प्लेटला अडीच; तिथे ताण दाखवणारे डीटीआय वॉशर बरे. त्यांवरचे उठाव बोल्ट आवळताना चपटे होतात; डोक्याखाली बसवलेल्या, झिंक न चढवलेल्या डीटीआयच्या उठावांमधल्या निम्म्या तरी फटींत 0.4 मिमीची फीलर पट्टी शिरली नाही तर ताण पुरेसा, आणि शेजारचे बोल्ट आवळून झाल्यावरही हे पुन्हा तपासता येतं. गॅल्व्हनाइज्ड फ्रेमसाठी 10.9 चे टीसी मागवूच नयेत: एवढ्या कडक स्टीलला हॉट-डिप केलं (वितळलेल्या जस्तात बुडवलं) तर हायड्रोजनमुळे ठिसूळपणाचा धोका असतो.