दिवा विझलेलं गाव आणि बीडचे कागद वाचणारे गुरुजी

बीडमध्ये जुने मोडी-उर्दू कागद वाचून देणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून त्यांच्या ओट्यावर सकाळपासून माणसं बसलेली असतात. माझं काम मात्र वेगळं होतं.

आज्जी सिंदफणेकाठच्या 'जुन्या गावा'बद्दल सांगायची. तिथला मारुती आमच्या आत्ताच्या गावात आणून बसवलाय. पण ते गाव कुठं होतं म्हणून विचारलं, तर चार म्हाताऱ्यांनी चार जागा दाखवल्या.

निजामाच्या काळातल्या सेतवाराची, म्हणजे गावातल्या शेतांच्या नोंदवहीची, नक्कल घेऊन मी गुरुजींकडे गेले. उर्दू अक्षर घाईचं, कडा काळ्या उमटलेल्या. गुरुजींनी भिंग फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ माय, बे-चिराग. जिथं दिवा लागत नाही ते गाव." आपण बेचिराख म्हणतो आणि राखेशी जोडतो, तो शब्द मुळात हा. मला तिथंच भरून आलं.

नुसतं वाचून थांबले नाहीत. शेतांच्या नावांतून त्यांनी 'पांढरीचा तुकडा' वेगळा काढला. काळ्या रानात मधेच भुरकट-पांढरी माती लागली की तिथं वस्ती होती समजायचं. चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंती, सगळं त्या मातीत मुरलेलं असतं. "तूर निघू दे, नांगरट होऊ दे, मग जा. उभ्या पिकात काही दिसायचं नाही."

फेब्रुवारीत शेतमालकाला विचारून गेलो. ढेकळांत खापरंच खापरं, एक फुटकं जातं. बांधावर निंबाखाली शेंदूर फासलेला दगड. मालक त्याला म्हसोबा म्हणतात. कडेनं निरखून पाहिलं तर वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड! खाली गाईंसाठी झुंज, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्रसूर्य. यादवांच्या काळात असे दगड गावोगावी उभे राहिले. शेंदराच्या जाड थराखाली गाईचं एक शिंग अंगठ्याला लागलं. खापर एकही उचललं नाही, फोटो काढून परत आलो.

फी पानाला दोनशे, माझी तीन पानं होती. लेखी उतारा चार दिवसांत देतो म्हणाले, बारा लागले, आणि तोही हातानं लिहिलेला. टाईप आपणच करून घ्यायचा. तरी मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन. नक्कल स्वच्छ न्या, आणि घरातल्या म्हाताऱ्यांकडून शेतांची जुनी नावं आधी लिहून घ्या. गुरुजी पहिल्यांदा तीच विचारतात.