पीआरपीच्या नावाखाली गुडघ्यात काय टोचलं जातं?

पीआरपी म्हणजे पेशंटच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) एकवटलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग. दुखऱ्या गुडघ्यात तो टोचतात. पण पावतीवर एवढंच असतं: ‘पीआरपी, दोन्ही गुडघे, तीन सिटिंग’. रक्त किती काढलं, त्यातून किती प्लाझ्मा निघाला, प्लेटलेट किती होत्या, याचा पत्ताच नसतो. सुरुवात बहुतेक वेळा मोफत तपासणी शिबिरात होते. एक्स-रे दाखवून ‘गादी झिजलीय, ऑपरेशन टाळायचं तर आजच पॅकेज घ्या’ असं घाबरवलं जातं आणि तिन्ही सिटिंगचे पैसे आगाऊ घेतले जातात. सहा महिन्यांनी दुखणं होतं तिथेच. असे कागद समोर आले की आमचा पहिला प्रश्न एकच असतो: रक्त किती काढलं होतं?

कारण फसवणूक पकडायला साधा हिशेब पुरतो. रक्तात निम्म्याहून थोडा जास्त भाग प्लाझ्मा असतो, म्हणजे १० मिली रक्तातून फार तर साडेपाच मिलीच्या आसपास. तेवढ्याच रक्तातून दोन्ही गुडघ्यांत पाच-पाच मिली टोचलं असेल, तर उरलेलं साडेचार मिली आलं कुठून? त्यात सलाइन किंवा दुसरं काहीतरी घातल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. आता प्लेटलेट मोजू. तुमच्या रिपोर्टमध्ये त्या मायक्रोलिटरला २ लाख असतील, तर २० मिली रक्तात एकूण ४०० कोटी झाल्या. त्या सगळ्या ४ मिलीत गोळा झाल्या तरच मायक्रोलिटरला १० लाख, म्हणजे पाचपट, भरतात. प्रत्यक्षात बऱ्याच वाटेत वाया जातात. त्यामुळे दोन छोट्या नळ्या रक्तात दोन्ही गुडघ्यांचं पीआरपी होणं शक्यच नाही.

दुसरी लबाडी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्ताची नळी गरगर फिरवून त्याचे थर वेगळे करणाऱ्या मशीनमध्ये, होते, आणि कधी ती निव्वळ अडाणीपणातूनही होते. नीट पद्धतीत रक्त गोठू नये म्हणून नळीत एसीडी-ए किंवा सायट्रेट असतं. आधी मंद फिरवणी होते. त्यात तांबड्या पेशी तळाला जातात आणि प्लेटलेट वरच्या प्लाझ्मात राहतात. तो प्लाझ्मा दुसऱ्या निर्जंतुक नळीत घेऊन जोरात फिरवतात, तेव्हा प्लेटलेट खाली बसतात. मग वरचा बराचसा प्लाझ्मा काढून टाकतात आणि उरलेल्या थोड्या प्लाझ्मात खालचा थर हलक्या हाताने मिसळतात. रक्त काढल्यापासून सुई टोचेपर्यंत यात अर्धा तास सहज जातो. याउलट, पॅथॉलॉजीच्या मशीनवर एकदाच जोरात फिरवलं तर प्लेटलेट तांबड्या पेशींवरच्या पांढुरक्या थरात जाऊन बसतात, आणि सिरिंजमध्ये ओढला जातो तो वरचा स्वच्छ पिवळा प्लाझ्मा. त्यात प्लेटलेट जवळपास नसतातच. ‘बघा, कसं सोन्यासारखं निघालंय’ असं म्हणून दाखवतात ते हेच. पिवळा रंग कशाचाच पुरावा नाही, कारण प्लेटलेट नसलेला प्लाझ्माही पिवळाच असतो.

नळीही बघा. रक्ततपासणीच्या नळ्या, उदाहरणार्थ हिमोग्रामची जांभळ्या झाकणाची, शरीरात परत टोचायच्या द्रवासाठी बनवलेल्या नसतात. सांध्यात जंतू शिरले तर गुडघा कायमचा जाऊ शकतो. इंजेक्शननंतर ताप आला, गुडघा लाल-गरम होऊन सुजला, पाय टेकवेना, तर ‘दोन दिवसांत उतरेल’ यावर विसंबू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

सर्वांत जास्त लोक फसतात ते मात्र लगेच बरं वाटल्यामुळे. खऱ्या पीआरपीनंतर दोन-तीन दिवस ठणका लागतो आणि फरक पडलाच तर तो काही आठवड्यांत हळूहळू जाणवतो. दुसऱ्याच दिवशी जिना चढता आला, तर सिरिंजमध्ये स्टिरॉइड असल्याची शंका घ्या. मधुमेह असेल आणि पुढचे काही दिवस साखर अचानक चढली, तर ही शंका आणखी बळावते. अशा इंजेक्शनचा आराम काही आठवड्यांत ओसरतो, तोवर पुढच्या सिटिंगची तारीख आलेली असते. टाचेच्या शिरेत, म्हणजे अकिलीस टेंडनमध्ये, असं न सांगता स्टिरॉइड टोचणं तर धोक्याचं आहे. ती शीर तुटू शकते.

आणि पीआरपी अस्सल असलं तरी ‘गादी परत तयार होते’ हा दावा खोटा आहे. ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या सौम्य ते मध्यम झिजेच्या २८८ रुग्णांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर पीआरपी आणि सलाइन यांत ना दुखण्यात लक्षणीय फरक दिसला, ना कूर्चेच्या, म्हणजे त्या गादीच्या, झिजेत. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या २४० रुग्णांच्या चाचणीत अकिलीसच्या जुनाट दुखण्यावरही फायदा दिसला नाही. काही छोट्या अभ्यासांत सुरुवातीच्या झिजेत आराम दिसलाय, म्हणून माहीतगार डॉक्टर विचारपूर्वक ते देतात तेव्हा आमची तक्रार नाही. पण हाडाला हाड घासत असलेल्या गुडघ्यात ते देऊन ऑपरेशन टळेल असं सांगणं ही फसवणूकच. कबड्डी खेळणाऱ्या पोरांचं तर फार वाईट वाटतं. पूर्ण तुटलेला एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला बंध, पीआरपीने जुळत नाही, आणि त्या नादात महिने घालवून लचकत्या गुडघ्यावर खेळत राहिलं की मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली चकती, हीसुद्धा फाटते. ‘स्टेम सेल पीआरपी’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. पीआरपी म्हणजे स्टेम सेल (मूळ पेशी) नव्हे.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: रक्त किती घेणार, तयार प्लाझ्मा किती मिली, त्यातल्या प्लेटलेटची मोजणी आणि सोबत दुसरं कोणतं औषध. मोजणीला अर्धा मिलीसुद्धा पुष्कळ होतो, त्यामुळे ‘तशी सोय नसते’ हे ऐकून घेऊ नका. नळीवर तुमचं नाव आणि वेळ तुमच्यासमोर लिहिली गेली पाहिजे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये २०१८ मध्ये चेहऱ्यावर पीआरपी करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. तिथे नाव नसलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या होत्या.

फसवणूक झाली असेल तर आधी केसपेपर लेखी अर्ज देऊन मागा. नियमानुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात. पावती, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा. डॉक्टरांविरुद्धची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि आधी माहिती हवी असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.